दाजींचा राखणीचा कोंबडा

दाजी गावडे कुणाशी गोड बोलले, असं मुलुंडच्या त्या डोंगरउतारावरचा एकही माणूस सांगणार नाही. नळाला पाणी कमी आलं तर ते नळाला शिव्या द्यायचे, जास्त आलं तर बादलीला. पेपर वाचताना पेपरवर ओरडायचे. देवापुढं हात जोडले तरी आवाज असा, की देवानंच घरातलं काहीतरी फोडलंय आणि हे त्याला जाब विचारतायत.

परवा मनीषावहिनींचा फोन आला. दाजींच्या शेजारच्या खोलीत राहायच्या त्या. म्हणाल्या, दाजी गेले. गावाला, कुडाळकडं. शेवटी शेवटी सलाईन लावणाऱ्या पोरालाही म्हणे दम देत होते, की तुला सुई धरायला कुणी शिकवलं. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि मला इतका राग आला, की गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर आपटली. राग कुणाचा ते मात्र सांगता येईना. दाजी असते तर म्हणाले असते, "उजेडाक धर, मगे बोल." म्हणून धरून बघतोय. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

हे उजेडाचं म्हणणं त्यांच्या नोकरीतून आलेलं. सगळी उमर त्यांनी काचेच्या कारखान्यात काढली. तयार बाटल्या पट्ट्यावरून यायच्या, मागं पांढरा दिवा असायचा, आणि त्या दिव्यापुढं एकेक बाटली धरून तडा, बुडबुडा, रेघ शोधायची हे त्यांचं काम. कारखाना बंद पडला, पण सवय गेली नाही. औषधाची बाटली, भाजीवाल्याचं लिंबू, लग्नाची पत्रिका, सगळं आधी उजेडाला. चाळीत कुणी कुणाची चुगली आणली तरी तेच. उजेडाक धर, मगे बोल.

कारखान्याच्या जागेवर टॉवर झाला आणि त्या टॉवरच्या गेटवर मी सिक्युरिटी लागलो. माझं गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्याही पुढं. घरी आई, बायको, एक मुलगी. नोकरी एजन्सीची, वरून कुणी एक तक्रार केली की दुसऱ्या दिवशी त्याच युनिफॉर्ममध्ये दुसरा माणूस उभा. त्या धास्तीनं मी लिफ्टच्या दारालासुद्धा सलाम ठोकत असेन.

पहिल्याच आठवड्यात एक उंच, वाळका म्हातारा गेटसमोर येऊन उभा राहिला. अंगात गंजी, खाली लुंगी, दोन्ही हातांवर काच कापल्याचे पांढरे व्रण. बराच वेळ माझ्या बुटांकडं बघत होता. मग विचारलं, कुठला रे तू. मी नाव, गाव, तालुका सगळं सांगितलं. त्यातलं त्यांनी फक्त 'परभणी' ठेवून घेतलं आणि पुढं कायम त्याच नावानं हाक मारली.

"परभणी, तू उभो आसस ना, थंय भट्टी होती. पाय भाजले तर माका सांग."

एवढं बोलून निघून गेले. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालेला आहे.

तेव्हा मी टॉवरच्या पंपरूममध्ये झोपायचो. तिथं मला कावीळ झाली. सुपरवायझर म्हणाला गावाला जा. गावाला गेलो असतो तर जागा गेली असती, म्हणून मी पिवळ्या डोळ्यांनी तसाच उभा राहायचो, टोपी खाली ओढून. दाजींनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी सरळ पंपरूममध्ये शिरले, "ह्यो माणूस आसा काय हळदीचो कुडको," असं पंपाला विचारलं, आणि माझी ट्रंक उचलून चालायला लागले. ट्रंकेच्या मागं मी.

त्यांच्या खोलीच्या पोटमाळ्यावर मी बरा होईपर्यंत पडून होतो. दिवसातून तीनदा पेज. मऊ भात, त्याचं पाणी, कडेला मिठाचा खडा. आणि प्रत्येक वाटीबरोबर शिव्या. मरायचं असेल तर परभणीला जाऊन मर, माझ्या माळ्यावर मरायला जागा नाही. डोळे दाखव. जीभ दाखव. मेल्या, सगळी पेज संपव. माझ्या आईनं मला इतकं वेळच्या वेळी कधी जेवू घातलं नाही. बरा झालो तेव्हा मी म्हणालो, आता दुसरी जागा बघतो. त्यावर त्यांना एवढा राग आला, की मी पुढची दोन वर्षं तो विषय काढला नाही.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरात ते, मी, आणि मागच्या पडवीत कोंबड्या.

कोंबड्यांचं समजल्याशिवाय दाजी समजणार नाहीत. ती गावठी कोंबड्यांची जात त्यांच्या आईनं गावाहून टोपलीत घालून आणलेली. तेव्हा त्या उतारावर झाडीच होती आणि कोकणातून आलेल्या लोकांनी तिथं खोल्या बांधल्या. अनोळखी जागा, मागं जंगल, तेव्हा त्या जागेचा जो कुणी राखणदार असेल त्याला त्यांनी एक दगड मांडला आणि बोलले, आम्हाला सांभाळ, दरवर्षी तुला कोंबडा देऊ. त्याला राखण म्हणतात. दिवाळीनंतरच्या अवसेला राखण द्यायची. मान गावड्यांचा. आणि कोंबडा विकतचा चालत नाही, आपल्याच दारात अंड्यातून निघालेला, आपल्याच दाण्यावर वाढलेला पाहिजे. त्याचं मटण नि वडे त्या दगडापाशीच रांधायचे आणि हद्दीच्या आतच खाऊन संपवायचे. तुकडासुद्धा हद्दीबाहेर न्यायचा नाही. हे मला दाजींनीच सांगितलं, सांगतानाही रागावूनच, जणू मी डबा भरून पळवायच्या बेतात होतो.

मी गेलो त्या वर्षी त्यांची राखण बघितली. कोकणातले लोक देवापुढं गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं एकानं मोठ्यानं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दाजींचं गाऱ्हाणं म्हणजे भांडण. कमरेवर हात ठेवून दगडासमोर उभे. तुला दरवर्षी कोंबडा देतो आणि तू काय राखलंस? कारखाना गेला. व्हय म्हाराजा. विहीर बुजवली. व्हय म्हाराजा. पोरं भाड्यानं बदलापूरला गेली. व्हय म्हाराजा. यंदा तरी डोळे उघडे ठेव, नायतर दगड उचलून नाल्यात टाकीन. व्हय म्हाराजा. सगळे डोळे मिटून म्हणत होते, एकालाही हसू आलं नाही.

मग हद्दीवरून भात टाकत फिरायचं. जुनी हद्द कारखान्याच्या आतून, आता टॉवरचं गेट आहे त्याच्याही पलीकडून जात होती. दाजी काही भिंत मानायला तयार नव्हते. त्यांनी भिंतीला शिडी लावली आणि मुठी भरभरून भात पलीकडं फेकला. तो टॉवरच्या पार्किंगमध्ये पडला, आणि दुपारी ड्युटीवर जाऊन एका पांढऱ्या गाडीच्या काचेवरून तो भात मीच पुसला.

आता मुख्य गोष्ट.

त्यांचा जुना कोंबडा पहाटे आरवायचा. टॉवरच्या लोकांनी त्याचा आवाज मोबाइलमध्ये भरून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हे काय खेडं आहे का. मला ते वाचून दाखवलं गेलं. सातव्या मजल्यावरचा कुत्रा मालक बाहेर गेले की दिवसभर रडतो, ते चालतं. नवरात्रात त्यांचेच स्पीकर छाती हलवतात, ते चालतं. लग्नाच्या वरातीचे फटाके चालतात. कोंबडा तेवढा चालत नाही. मी तेव्हा मान डोलावून रजिस्टर पुढं ओढलं, आता बोलतोय.

पुढं त्या जुन्या कोंबड्याला बिबट्यानं नेलं. डोंगराला लागून राहिलं की ते चालायचंच. मागं राहिला त्याचा एकच मुलगा, अर्धवट वाढलेला, तांबूस, पायात पाय अडकणारा. आणि तीन कोंबड्या. त्यांतली तांबडी म्हातारी, नुसती भांडखोर. काळी गरीब. तिसरी उघड्या मानेची, ती आपल्याच तंद्रीत.

हा पोरगा कोंबडा आरवायला शिकू लागला तसं टॉवरच्या सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, आवाज चढवून कधी बोलायचे नाहीत. म्हणाले, तू त्या गावड्यांकडंच राहतोस ना? मग त्यांना सांग. परत आवाज आला तर मला एजन्सीला कळवावं लागेल, आमचा माणूस आमचंच ऐकत नाही म्हणून. मी जेवताना दाजींना सांगितलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी पानातला भात संपवला आणि उठले. मला त्या रात्री झोप आली नाही, कारण दाजी गप्प बसलेले मी तोवर बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून त्यांनी कारखान्यातलं बाटल्यांचं लाकडी खोकं काढलं. बुटकं, झाकणाचं. कोंबड्याला आरवायचं तर मान ताठ वर करावी लागते. मान वर झाली नाही तर आवाज निघत नाही. संध्याकाळ झाली की कोंबडा त्या खोक्यात, वर झाकण, झाकणावर गोणपाट. सकाळी टॉवरमधल्या गाड्या ऑफिसला गेल्या की मग त्याला बाहेर काढायचे. आवाज बंद झाला. सेक्रेटरीसाहेबांनी मला शाबासकी दिली.

गणपती झाले आणि दाजींनी हिशेब मांडला, की दिवाळीनंतर हा कोंबडा राखणीला जाणार. त्याआधी त्याची पिल्लं निघून दाणे टिपायला लागली पाहिजेत. नाही निघाली तर वंश संपला आणि पुढच्या वर्षी राखणदारापुढं ब्रॉयलर ठेवायची पाळी. आईनं टोपलीतून आणलेलं आपल्या हातून संपणार, हे त्यांना सहन होईना. पण कोंबडा कोंबड्यांकडं बघेचना. लग्नघरात चुकून आलेला माणूस जसा चप्पल काढू की नको करत दारात उभा राहतो, तसा तो पडवीच्या कोपऱ्यात उभा राहायचा. तांबडीनं टोचलं की मान खाली घालायचा. काळी त्याच्यापुढं बसून द्यायची, तर हा तिला वळसा घालून पाणी प्यायला जायचा.

दाजींनी काय केलं नाही. सुका जवळा घातला, मोडाचे कुळीथ घातले, लसूण ठेचून घातली. तांबडीला टोपलीखाली कोंडलं, म्हणजे याला धीर येईल. पिसांत गोचीड आहे काय बघितलं, राखेत लोळवलं. मनीषावहिनींना धरायला लावून कोंबड्याच्या आणि कोंबड्यांच्या मागची पिसं कातरली. वहिनींनी ते काम तोंडाला पदर लावून केलं आणि नंतर चाळभर सांगितलं. मग दाजींनी भिंतीवरचा स्वतःचा दाढीचा आरसा काढून त्याच्यापुढं धरला. दुसरा कोंबडा दिसल्यावर तरी अंगात जोर येईल. कोंबड्यानं आरशात बघितलं आणि पळत येऊन दाजींच्याच लुंगीमागं लपला.

"मेल्या, तुझो बापूस तीन वाड्यांचो राजा होतो," दाजी त्याच्यावर ओरडले, "आणि तू माझ्या लुंगीत शिरतस?"

चाळ तोवर जमलेली असायचीच. कोंबड्याला 'नवरदेव' नाव पडलं होतं. भांडुपला त्यांचा एक गाववाला होता, तो म्हणाला, माझा कोंबडा चार दिवस घेऊन जा. दाजींनी त्याला हाकलून दिलं. बाहेरचं रक्त राखणीला कसं चालेल. तेव्हा मनीषावहिनींचे मालक हसत म्हणाले, "दाजी, त्याला काय कळणार? आधी तुम्ही लग्न करून दाखवा."

सगळे हसले. दाजी आरसा पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "मी नाय केलंय, म्हणानच माका ठावक आसा काय होता ता."

 एकेक करून लोक आपापल्या दारात गेले.

मग काळी खुडूक झाली. अंड्यांवर बसायला कोंबडी आपणहून तयार झाली की दाजींना राहवेना. म्हणाले, आपण बघत नसू तेव्हा त्यानं उरकलं असेल. तिच्याखाली अंडी ठेवली. आठवड्यानं मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून बघितलं. जीव धरलेला असला तर आत लाल शिरा दिसतात. काहीच दिसलं नाही. आयुष्यभर उजेडावर विश्वास ठेवलेल्या माणसानं त्या दिवशी उजेडालाच खोटं ठरवलं. टॉर्च मंद आहे म्हणाले. काळी बिचारी तीन आठवडे अन्नपाणी सोडून बसली. शेवटी वासच सुटला. दाजींनी ती अंडी नाल्याच्या कडेला नेऊन एकेक फोडली. शिव्या एकही नाही. काळी मोकळ्या टोपलीत परत परत जाऊन बसत होती.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी नाइट करून आलो, तर दाजी पडवीत त्या खोक्यासमोर उकिडवे बसलेले. झाकण उघडं होतं. कोंबडा आतच होता, मान दुमडून. बाहेर यायला कुणी अडवत नव्हतं, तरी आतच. दाजींनी बोट त्याच्या चोचीखाली घालून मान हळूच वर केली. बोट काढलं की मान पुन्हा खाली. पुन्हा वर केली, पुन्हा खाली.

मी कधीपासून दारात उभा होतो ते त्यांना माहीत होतं. माझ्याकडं न बघताच बोलले.

"ज्येका आरवाक देवक नाय, तो चढतलो कसो?"

मी खाली बसलो. मला सगळं एकदम कळलं. खोकं कुणासाठी आलं होतं तेही कळलं. म्हणालो, दाजी, उद्यापासून त्याला मोकळा सोडा, माझं काय ते मी बघतो. तर ते माझ्याकडं वळले आणि ओरडले नाहीत. नुसतं बघत राहिले, बाटली दिव्यापुढं धरून बघावं तसं. मग म्हणाले, जा, झोप.

दुसऱ्या दिवशी माझी दिवसपाळी लागली, दुपारी मी ड्युटीवर होतो. गेटवर सेक्रेटरीसाहेब कुणाशी तरी बोलत होते. एवढ्यात समोरच्या उतारावरून दाजी येताना दिसले, खांद्यावर माझी ट्रंक, काखेत माझी वळकटी. भर रस्त्यात, गेटच्या समोर त्यांनी ट्रंक खाली टाकली. वळकटी तिच्यावर फेकली. रिक्षा थांबल्या. वर बाल्कन्यांत लोक आले.

"भायर हो माझ्या घरातून," ते असं ओरडले की सोसायटीची मांजरं पळाली. "माझ्या कोंब्याची चुगली करतस? ह्या बिल्डिंगवाल्यांचो कुत्रो होवन माझ्या माळ्यार झोपतस? परत पाय ठेवलंस तर तंगडी मोडीन."

मी म्हणत होतो, दाजी, अहो दाजी. त्यांनी ऐकलं नाही. माझ्या पायाशी थुंकले आणि गेले. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. पेज घालून वाचवलं म्हणून काय भर रस्त्यात कुत्रा म्हणायचं? सेक्रेटरीसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, जाऊ दे रे, अडाणी लोक आहेत, तू आमचा माणूस आहेस. त्यांनी तिथंच एजन्सीला फोन लावून माझ्याबद्दल चांगलं सांगितलं.

रात्रपाळीवाला आला तसा मी एका दुसऱ्या गार्डच्या खोलीवर भांडुपला गेलो. तिथं ट्रंक उघडली. माझे शर्ट घडी करून लावलेले होते, मी कधी लावत नाही तसे. मुलीचा फोटो टॉवेलात. आणि मी चहा प्यायचो तो काचेचा ग्लास, तीन पेपरांत गुंडाळून, कपड्यांच्या बरोबर मधोमध.

रागानं ट्रंक फेकणारा माणूस ग्लास पेपरात गुंडाळतो?

त्या खोलीत बाकीचे जेवत होते म्हणून मी ग्लास परत गुंडाळून ठेवला आणि हात धुवायला गेलो.

दाजींनी खोकं फोडून त्याच्या फळ्या चुलीत घातल्या, हे मनीषावहिनींनी मला भाजीच्या पिशव्या घेऊन गेटवरून जाताना सांगितलं. कोंबडा पहिले काही दिवस रात्री खुराड्याच्या छपरावर नुसता बसून राहायचा. मग एका पहाटे भिंतीपलीकडून सायकलच्या पंपासारखा आवाज आला. थांबला. परत आला. तिसऱ्यांदा तो गळ्यातून असा फुटला, की मी खुर्चीतून उभा राहिलो. वर दिवे लागले. ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं असेल ते असो.

सेक्रेटरीसाहेबांनी मला विचारलं, आता काय करायचं. मी म्हणालो, साहेब, तो म्हातारा माझं तोंडसुद्धा बघत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. मग साहेब स्वतः भिंतीपाशी गेले. मी त्यांच्यामागं दोन पावलं. दाजी पलीकडं शिडीवर चढून उभे होते, जणू वाटच बघत होते. साहेब शांतपणे म्हणाले, काका, लोकांना झोप मिळत नाही, लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, थोडं समजून घ्या.

"कारखान्याचो भोंगो बंद केलास," दाजी म्हणाले. "तेच्यार आमची चूल पेटायची. आता कोंब्याक पण बंद करतलंस?"

साहेब म्हणाले, काका, कारखाना मी नाही हो बंद केला, मी तर फ्लॅट विकत घेतला.

"मग गप रव."

दाजी शिडीवरून उतरले. पलीकडून लगेच कोंबडा आरवला, भर दुपारी, काही कारण नसताना. साहेब ग्रुपवर, वॉर्डात, चौकीत काय काय करणार म्हणाले. एक हवालदार येऊन गेलाही. चाळीतल्या बायका पडवीत अशा बसल्या होत्या म्हणे, की त्यानं चहा घेतला आणि आपल्या कोंबड्यांच्या आठवणी सांगून गेला.

दाजी आणि मी त्या दिवसांत एक शब्द बोललो नाही. ते रोज गेटवरून जायचे, माझ्याकडं बघून थुंकायचे, पण आता जरा लांब थुंकायचे. मी तोंड फिरवायचो. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, ते शिडीवर चढलेले दिसले. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात काहीतरी. टॉर्च लागला, आणि भिंतीवर एक छोटा लाल गोळा पेटला. मी उभा होतो तिथून शिरा दिसणं शक्यच नव्हतं. नुसता लाल उजेड दिसत होता, निखाऱ्यावर फुंकर घातल्यासारखा. त्यांनी तो बराच वेळ धरला. माझ्याकडं त्यांचं तोंडही नव्हतं. मग टॉर्च विझला, आणि शिडीची पायरी करकरली म्हणून ते शिडीला शिव्या देत उतरले.

दिवाळीत पिल्लं निघाली. वहिनी म्हणाल्या, काळी आता कुणाला जवळ येऊ देत नाही, दाजींनासुद्धा चोच मारली, आणि दाजी पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून मागं सरले.

अवसेला माझी दिवसपाळी होती. भिंतीपलीकडून गाऱ्हाणं ऐकू येत होतं. शब्द नीट कळत नव्हते, पण दाजींचा आवाज चढला की सगळ्यांचं "व्हय म्हाराजा" यायचं, आणि मी ओठातल्या ओठात म्हणायचो. मग कोंबडा आरवला नाही. मी समजलो. थोड्या वेळानं भिंतीवरून भात आला. गाड्यांवर पडला, आणि एक मूठ एवढ्या लांबून आली की माझ्या केबिनच्या पत्र्यावर वाजली.

दुपारी सेक्रेटरीसाहेब गेटवर उभे राहून त्या गाड्यांवरच्या भाताबद्दलच मला बोलत होते, आणि दाजी आले. अंघोळ केलेली, कपाळाला अंगारा, हातात स्टीलचा डबा. गेटच्या आत चार पावलं सरळ चालत आले. पंपरूममधून माझी ट्रंक नेली, त्यानंतर ते कधी गेटच्या आत आले नव्हते. डबा माझ्या टेबलावर असा आपटला की रजिस्टर उडालं.

"ह्यो डबो तुमच्या बिल्डिंगीतसून आमच्या अंगणात पडलो," ते साहेबांना म्हणाले. "वरसून कचरो टाकतात मेले. ज्येचो आसा तेका देवा."

साहेब म्हणाले, बरं बरं, बघतो आम्ही, तुम्ही आधी बाहेर व्हा. दाजींनी माझ्याकडं बघितलं. पायांकडं बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं.

"भाजतत काय रे पाय?" त्यांनी दरडावून विचारलं.

मी मान हलवली. ते वळले आणि गेले. कोपऱ्यावर एक स्कूटरवाला आडवा आला, त्याला ते काहीतरी बोलले, हात वर करून. तेवढंच मला शेवटचं दिसलं. त्याच आठवड्यात एजन्सीनं मला बोरिवलीच्या साइटवर टाकलं. पुढं चाळही पाडायला काढली आणि ते काळीला आणि पिल्लांना टोपलीत घालून गावाला गेले.

साहेब म्हणाले, बघ कुणाचा डबा आहे, ग्रुपवर फोटो टाकतो. मी झाकण उघडलं. वडे होते, गरम. खाली मटणाचा रस्सा आणि त्यात एक तंगडी.

"कुणाचा आहे?" साहेबांनी विचारलं.

राखणीचं जेवण हद्दीबाहेर नेत नाहीत. मी झाकण लावलं.

"माझा आहे, साहेब," मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून तिथंच जेवायला बसलो.